ऊसतोड कामगाराचा मालक नेमका कोण?

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात एक बैठक झाली. एका बाजूला साखर संघाची, म्हणजे सहकारी साखर कारखान्यांच्या संघटनेची, माणसं, दुसऱ्या बाजूला ऊसतोड कामगारांच्या संघटनांचे पुढारी आणि मध्यस्थीला शरद पवार आणि पंकजा मुंडे. तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवायचं ठरलं. टनाला २७३ रुपये मिळत होते, ते साधारण ३६६ झाले. मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाचं कमिशन एक टक्क्यानं वाढून २० टक्के झालं. 'कोयता बंद', म्हणजे तोडणीचा संप, मागे घेतला गेला आणि उसाच्या फडात पुन्हा तोड सुरू झाली.

बातमी तेवढ्यावर संपली. पण तिच्यात एक विचित्र गोष्ट आहे आणि ती कुणालाच खटकत नाही. ऊसतोड कामगार आमचे नोकर नाहीत असं कारखाने कायम सांगतात. त्यांच्या हजेरीपटावर या माणसांचं नाव नसतं, ना भविष्य निर्वाह निधी, ना बोनस. मग जी माणसं आपली नाहीतच, त्यांची मजुरी ठरवायला साखर संघ बैठकीला बसतो कशाला?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की महाराष्ट्राच्या साखरेमागचा सगळा व्यवहार उलगडतो. ऊसतोडीबद्दल आपण वाचतो ते बहुतेक हालअपेष्टांबद्दल: कोपीतला, म्हणजे झोपडीतला, संसार, पहाटेची थंडी, बुडालेली शाळा. ते सगळं खरंच आहे. पण हाल होतात ते एका विशिष्ट हिशोबामुळे. इथे तो हिशोबच मांडतो.

सुरुवात उचलीपासून. बीड, अहिल्यानगरचा पाथर्डीकडचा भाग, जालना, परभणी इथल्या कोरडवाहू गावांत पावसाळ्यातच मुकादम फिरायला लागतो. तो नवरा-बायकोच्या जोडीला आगाऊ पैसे देतो, त्याला म्हणायचं उचल. ही जोडी म्हणजे 'एक कोयता'. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. उचल पन्नास हजार असते, लाख असते, कधी त्याहूनही जास्त. स्टँपवर लिहून घेतलं जातं, सही किंवा अंगठा नवऱ्याचा. लग्न, दवाखाना, घराचं पत्र्याचं छप्पर, मागच्या वर्षीची बाकी, यातच ते पैसे दसऱ्याच्या आत संपतात. दिवाळीच्या आगेमागे ट्रक गावात येतो आणि भांडी, बाजरी, कोंबड्या, पोरं असं सगळं घेऊन टोळी पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात निघते. परत यायचं ते मार्च-एप्रिलात.

आता आकडेमोड. एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडतो. दोन टन म्हणजे चांगला दिवस, आणि त्यात फक्त तोडणं येत नाही. बुडातून छाटायचा, पाचट काढायचं, शेंड्याचं वाढं उडवायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. गाडी रात्री अकराला आली तर रात्री अकराला भरायची. पहाटे चार-पाचला सुरू झालेला दिवस बारा-चौदा तास चालतो. ३६६ च्या दरानं दोन टनांचे ७३२ रुपये झाले, म्हणजे माणशी ३६६. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होती. तीही आठ तासांची, आपल्याच गावात, संध्याकाळी घरी भाकरी खाऊन.

एक लाखाची उचल फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. रोज न चुकता दोन टन धरले तरी १३७ दिवस होतात. हंगाम तेवढा चालतो का? २०२४-२५ मध्ये कित्येक कारखान्यांची धुराडी फेब्रुवारी-मार्चमध्येच थंडावली. ऊसच नव्हता. पाऊस कमी पडला तर ऊस कमी, कारखाने जास्त झाले तर प्रत्येकाच्या वाट्याला ऊस कमी. यातलं काहीच तोडणाऱ्याच्या हातात नसतं, पण उरलेली बाकी मात्र त्याच्या नावावर. ती पुढच्या वर्षीच्या उचलीत मिसळते आणि पुढच्या वर्षी कुठे जायचं हा प्रश्नही तिथेच निकालात निघतो. त्याच मुकादमाकडे जायचं. शिवाय हंगामात दर आठवड्याला बाजाराला जी खर्ची मिळते, तीही याच खात्यात चढते. वही मुकादमाकडे असते.

उसाच्या हिरव्या शेंड्याला, म्हणजे वाढ्याला, गावातले गोठेवाले पैसे देतात. खात्यावर न चढता रोख हातात पडतं ते एवढंच.

आता इथे अर्थशास्त्र शिकलेला माणूस अडतो. मजूर मिळत नाहीत अशी ओरड दरवर्षी असते. पोरं शिकली, ती पुण्याला कंपनीत किंवा कुठे बांधकामावर गेली, कोयता धरायला तयार नाहीत. ज्या मालाची टंचाई असते त्याचा भाव वाढतो. मग तोडणीचा भाव का वाढत नाही?

वाढतो, पण उचलीत वाढतो. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेची किल्ली इथे आहे. टनाचा दर सबंध राज्यासाठी एकाच बैठकीत ठरतो आणि काही वर्षांसाठी बांधला जातो. २०२० मध्ये १४ टक्के वाढ देऊन २३९ चे २७३ झाले, ते जानेवारी २०२४ पर्यंत तसेच राहिले. मधल्या काळात गोडेतेल कुठल्या कुठे गेलं. एखाद्या कारखान्याला मजुरांची फार निकड लागली तरी तो दर वाढवत नाही, मुकादमाला जास्त उचल वाटायला लावतो. कारण सरळ आहे. दर वाढवला तर पैसे गेले ते गेलेच, उचल वाढवली तर ते कर्ज आहे, वसूल करता येतं. म्हणजे टंचाईमुळे मजुराची बाजारातली किंमत वाढली, पण ती मजुरी म्हणून त्याच्या हातात आली नाही, कर्ज म्हणून डोक्यावर बसली. ज्या गोष्टीनं त्याचं बळ वाढायचं, त्याच गोष्टीनं तो जास्त बांधला जातो.

मग मालक कोण? कागद बघू. कारखाना करार करतो तो वाहनमालकाशी, तोडणी आणि वाहतुकीचा. बरेचदा त्यासाठी बँकेचं कर्जही वाहनमालकाच्या नावावर काढलेलं असतं. वाहनमालक करार करतो मुकादमाशी. मुकादम कोयत्याशी. कारखान्याचा आणि कामगाराचा एकमेकांशी एका ओळीचाही कागद नसतो. मधल्या माणसांनाही हे सुखाचं नाही, हे सांगायला हवं. उचल घेऊन टोळी आलीच नाही म्हणून बुडालेले ट्रॅक्टरवाले कोल्हापूर-सांगलीकडे गावोगाव भेटतील. पोलिस ठाण्यांत फसवणुकीचे गुन्हे पडून असतात. आणि पैसे वसूल होत नाहीत म्हटल्यावर मुकादमाला, नाही तर मजुराला, उचलून नेऊन डांबून ठेवल्याच्या बातम्याही येतात. मुकादम बहुधा स्वतःच कधीतरी कोयता धरलेला, त्याच गावातला, भावकीतला माणूस असतो. त्याला खलनायक ठरवलं की लेख सोपा होतो, पण वरच्या माणसांना सुटका मिळते.

यात शेतकरी कुठे आहे? हे बऱ्याच शहरी वाचकांना माहीत नसतं, म्हणून थोडं थांबतो. उसाला केंद्र सरकार दरवर्षी रास्त आणि किफायतशीर दर ठरवतं, तो एफआरपी. २०२४-२५ साठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून एवढी साखर निघाली तर, क्विंटलला ३४० रुपये होता, म्हणजे टनाला ३,४०० रुपये. हा दर कारखान्याच्या दारात पोचलेल्या उसाचा असतो. महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतुकीचा खर्च त्यातून वजा करून उरलेले पैसे शेतकऱ्याच्या खात्यात जमा होतात. म्हणजे टोळीची मजुरी, मुकादमाचं कमिशन, ट्रकचं भाडं, हे शेवटी शेतकऱ्याच्याच बिलातून जातं.

कारखान्याचा युक्तिवाद इथूनच निघतो. ऊस शेतकऱ्याचा, तोडणी त्याच्या खर्चानं, आम्ही फक्त सोय लावून देतो. ऐकायला ठीक वाटतं. पण त्या शेतकऱ्याला विचारा, उद्या तुमच्या फडात कोणती टोळी येणार? त्याला माहीत नसतं. तोड कधी मिळणार हे कारखान्याचं गट ऑफिस ठरवतं. लागणीच्या तारखा, नोंद, पाळी, सगळं शेतकी विभागाच्या हातात. टोळी या शिवारातून त्या शिवारात कुणाच्या चिठ्ठीवर जाते? कारखान्याच्या स्लिपबॉयच्या. ऊस मोजला जातो कारखान्याच्या काट्यावर, आणि ते वजन बघायला ना शेतकरी असतो ना तोडणारा. काटामारीची, म्हणजे वजन कमी दाखवण्याची, तक्रार शेतकरी संघटना वर्षानुवर्षं करतात. त्या तक्रारीत दम असेल तेव्हा तोडणाऱ्याचीही मजुरी त्याच काट्यावर मारली जाते, हे मात्र कुणी बोलत नाही.

काम कधी, कुठे, किती आणि कोणत्या दरानं हे ज्याच्या हातात, तो मालक. ही काही क्रांतिकारक व्याख्या नाही, कामगार कायद्यात जगभर साधारण हीच कसोटी लावतात. आपल्याकडेही १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानं 'मूळ मालक' ही कल्पना आणली: कंत्राटदारानं मजुरी बुडवली तर ज्याच्यासाठी काम झालं त्यानं ती द्यायची. ती कल्पना ऊसतोडीला लावली तर बोट सरळ कारखान्याकडे जातं. लावली जात नाही, कारण साखळी लांब आहे आणि लांब ठेवलेली आहे.

शेतकऱ्याला आणि तोडणाऱ्याला शेजारी ठेवून बघा, फरक लख्ख दिसतो. शेतकऱ्याच्या पाठीशी १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. कारखान्यानं थकवले तर साखर आयुक्त आरआरसी, म्हणजे महसुली वसुलीचा आदेश, काढतात आणि जिल्हाधिकारी गोदामातली साखर जप्त करून पैसे वसूल करू शकतात. ही वसुली नेहमी होते असं नाही, व्याज तर क्वचितच मिळतं, आणि शेतकऱ्याला हेही आंदोलनं करून, डोकी फोडून घेऊन मिळालेलं आहे. पण कायदा आहे, कार्यालय आहे, तारीख आहे. तोच ऊस ज्यानं तोडला त्याच्या दराला कसलाही कायदा नाही. एक करार, दोन पुढाऱ्यांची मध्यस्थी आणि टाळ्या. करार पाळला नाही तर दाद मागायची कुठे? साखर आयुक्त म्हणणार हा विषय माझा नाही. कामगार आयुक्त विचारणार, मालकाचं नाव सांगा.

शेतकरी आणि तोडणारा एकमेकांशी भांडतात ते वेगळंच. दर परवडत नाही म्हणून टोळी शेतकऱ्याकडून वरचे पैसे, म्हणजे 'खुशाली', मागते, ड्रायव्हर आपली 'एंट्री' मागतो. ऊस वाळत चाललेला असतो, शेतकरी निमूटपणे देतो आणि मजुरांच्या नावानं बोटं मोडतो. जी मजुरी रीतसर मिळायला हवी ती बांधावर घासाघीस करून वसूल होते.

कारखान्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला, त्यानंतर उसाचा दर चढत गेला आणि तो आकडा कित्येक वर्षं तिथेच होता. सहकारातले बरेच कारखाने कर्जात आहेत. पण हार्वेस्टर मशीनला हेच कारखाने टनामागे माणसापेक्षा जास्त दर देतात. आम्हालाही मशीनचा दर द्या ही संघटनांची मागणी त्यातूनच आली. पैसे नाहीतच हे कारण मग पुरतं पटत नाही.

बाईचा हिशोब तर मांडलाच जात नाही. कोयता हे एकक असल्यामुळे तिची वेगळी मजुरी नाही, तिच्या नावावर नोंद नाही, उचलीच्या कागदावर तिची सही नाही. मोळ्या मात्र तीच वाहते आणि कोपीवर परत आल्यावर चूल, पाणी, लेकरं. एक दिवस काम चुकलं तर 'खाडा' धरतात. पाचशे रुपये दंड, तोही सबंध कोयत्याला, म्हणजे उचलीच्या खात्यात आणखी पाचशेची भर. पाळीच्या दिवसांत शिवारात ना आडोसा ना पाणी. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या, तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्याआधीच्या दहा वर्षांतला हा आकडा. कुणी तिला धरून नेऊन ऑपरेशन केलं नव्हतं. डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली, घरच्यांनी खाड्याचा हिशोब केला, खाजगी दवाखान्यानं बिल लावलं, आणि त्या बिलासाठी पुन्हा उचल. प्रत्येक जण आपापल्या जागी 'व्यवहार' बघत होता.

वेठबिगारीचा कायदा कुठे गेला, असं कुणीही विचारेल. तो १९७६ चा आहे आणि आगाऊ पैशाच्या बदल्यात बांधून घेतलेल्या श्रमाला तो गुन्हाच म्हणतो. १९८२ मध्ये दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आणखी पुढे जाऊन सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेलं काम हे घटनेच्या कलम २३ खाली सक्तीचंच काम आहे, कारण पोटाची सक्ती हीही सक्तीच. कायदा इतका स्पष्ट आहे. अंमलात अडचण ही की मजूर स्वतःच सांगतो, मी राजीखुशीनं उचल घेतली. तो खोटं बोलत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा त्याला उचल लागणार आहे आणि ती देणारं दुसरं कुणी नाही. बँक त्याला दारात उभं करत नाही.

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी हे सगळं जगापुढे मांडलं, कारण महाराष्ट्रातली साखर कोका-कोला आणि पेप्सिकोसारख्या कंपन्या घेतात. परदेशी कंपन्यांचे मानवी हक्कांचे जाहीरनामे असतात, उसासाठी 'बोन्सुक्रो'चं प्रमाणपत्र असतं. असल्या प्रमाणपत्रांची मर्यादा आपल्या साखळीवरूनच कळते. तपासनीस कारखान्यात येतो, हजेरीपट बघतो, हेल्मेट बघतो, आणि ज्यांची नावं हजेरीपटावर नाहीतच ती माणसं दहा किलोमीटरवर कुणाच्या तरी फडात मोळ्या बांधत असतात.

मालकच सापडत नसेल अशा कामगारांचं काय करायचं, हा प्रश्न महाराष्ट्रानं पूर्वी एकदा सोडवलेला आहे. बाजारपेठेतला हमाल सकाळी एका व्यापाऱ्याच्या गोण्या उतरवतो, दुपारी दुसऱ्याच्या. त्याचा मालक कोण? १९६९ च्या माथाडी कायद्यानं हा वादच बाजूला ठेवला. मंडळं नेमली. हमालाची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याचीही नोंद मंडळाकडे. व्यापाऱ्यानं मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही. मंडळ हमालाला पगार देतं आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा, दवाखाना बघतं. अण्णासाहेब पाटलांसारख्यांच्या लढ्यातून आलेल्या या कायद्यानं मुंबईत पाठीवर गोणी वाहणाऱ्या माणसाला भविष्य निर्वाह निधी असलेलं काम दिलं. पुढे त्यात बोगस माथाडी आणि खंडणीखोर घुसले, हेही खरं. पण ते गुंडगिरीचं दुखणं आहे, मंडळाच्या रचनेचं नव्हे.

ऊसतोडीत हे सोपं जायला हवं, कारण व्यापारी हजारो असतात, साखर कारखाने राज्यात दोनशेच्या आसपास. कुठल्या टोळीनं किती टन घातला याची नोंद कारखान्याच्या संगणकात आजही आहे, कारण त्याशिवाय वाहनमालकाचं बिलच निघत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभं राहिलंय, त्याला कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे. संत भगवानबाबांच्या नावानं पोरापोरींसाठी वसतिगृहं सुरू झाली. ही चांगली कामं आहेत. पण महामंडळ कल्याण करतं, मजुरी त्याच्या हातून जात नाही. मजुरी अजून वाहनमालक, मुकादम, वही याच वाटेनं जाते, आणि ती त्या वाटेनं जाईतो उचलीची पकड सुटणार नाही.

मजुरी मंडळामार्फत, नवऱ्याच्या आणि बायकोच्या वेगवेगळ्या खात्यांत गेली, उचल बँकेकडून किंवा मंडळाकडून व्याजाच्या ठरलेल्या दरानं मिळाली, मुकादम फक्त टोळीप्रमुख म्हणून कमिशनवर राहिला, तर बाकीची बरीच बांधणी आपोआप सैल होईल. कोपीला पाणी, आडोसा, अपघात विमा ही मग कुणाच्या तरी नावावर लिहिलेली जबाबदारी होते. यातलं तांत्रिक काहीच अवघड नाही. अडचण एवढीच की हे करायचं विधानसभेनं, आणि साखर कारखाना चालवणारे कितीतरी जण तिथेच बसतात. दोन्ही बाजूंच्या बाकांवर.